मोतीबिंदू थांबतो, काचबिंदू थांबत नाही : डोळ्यांच्या व्हिडिओंवर किती विसंबावं?

सप्टेंबर २०२४च्या पहिल्या आठवड्यात चाळिशी लागलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच बातमी येऊन आदळत होती : डोळ्यात थेंब टाका, पंधरा मिनिटांत चष्म्याविना पेपर वाचा. मुंबईच्या एका औषध कंपनीला पायलोकार्पिनच्या थेंबांसाठी केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली होती, इतपत गोष्ट खरी होती. पुढचं वृत्तवाहिन्यांनी आणि यूट्यूबने वाढवलं. चष्म्याला कायमचा रामराम ठोकण्याची भाषा सुरू झाली आणि ती बोलणाऱ्यांत पांढरा कोट घातलेली मंडळीही होती. दहा सप्टेंबरला नियंत्रकांनी ती परवानगी स्थगित केली. मंजुरीत न बसणारे दावे करून जाहिरात केली, असा ठपका होता.

पायलोकार्पिन हे काही नवं रसायन नव्हे. काचबिंदूवर ते शंभराहून अधिक वर्षं वापरात आहे. त्याने बाहुली आकसते, आणि कागदाला सुईने भोक पाडून त्यातून पाहिलं की जवळचं अक्षर जसं स्पष्ट होतं, तसं काही तास दिसतं. अंमल उतरला की चाळिशी जिथल्या तिथे. संध्याकाळी अंधुक दिसणं, डोकं दुखणं आणि पडदा आधीच कमकुवत असेल तर तो सुटण्याचा थोडा धोका, एवढं पदरात पडतं ते वेगळंच. हे सगळं दोन मिनिटांत सांगता येण्यासारखं होतं. परवानगी स्थगित झाली, व्हिडिओ मात्र तसेच राहिले.

मला या प्रकरणातली वेगळीच गोष्ट खटकते. त्यातले बरेच व्हिडिओ आज संशोधकांच्या गुणपत्रिकेवर तपासले तर चांगल्या गुणांनी पास होतील. बोलणारा डॉक्टर, औषधाचं नाव बरोबर, तारीख ताजी, सरकारी मंजुरीचा दाखला. मग ही गुणपत्रिका मोजते तरी काय?

यूट्यूब २००५ साली सुरू झालं. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, कॅनडातल्या संशोधकांनी तिथले लसीकरणाविषयीचे १५३ व्हिडिओ तपासून 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. ४८ टक्के व्हिडिओ लसीच्या बाजूचे निघाले, ३२ टक्के विरोधातले, उरलेले धड इकडचे ना तिकडचे. तेव्हा व्हिडिओला तारे देण्याची पद्धत होती. विरोधातल्या व्हिडिओंना तारेही जास्त होते आणि प्रेक्षकही. त्या लेखाने पुढच्या शेकडो लेखांना वाट दाखवली. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने बिघडणारा पडदा, केराटोकोनस, तिरळेपणा, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पडदा : डोळ्याचा क्वचितच एखादा आजार असेल ज्याच्या व्हिडिओंची अशी मोजदाद झाली नाही. या कामात तुर्कस्तानातले नेत्रतज्ज्ञ विशेष हौसेने उतरलेले दिसतात.

या अभ्यासांची पाककृती ठरलेली आहे. एका संध्याकाळी यूट्यूबवर आजाराचं इंग्रजी नाव टाकायचं, पहिले पन्नास किंवा शंभर व्हिडिओ घ्यायचे, इंग्रजी नसलेले, आवाज नसलेले आणि तेच-ते असलेले वगळायचे, आणि उरलेले दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे बघून गुण द्यायचे. दोघांचे गुण किती जुळले ते संख्याशास्त्राने तपासायचं. निष्कर्षही बहुतेकदा ठरलेला असतो : दर्जा बेताचाच आहे, डॉक्टरांचे आणि संस्थांचे व्हिडिओ बरे आहेत, लांबलचक व्हिडिओ बरे आहेत, आणि लोकप्रियतेचा दर्जाशी फारसा संबंध नाही.

गुण देण्याच्या पट्ट्या तीन-चार आहेत. सर्वांत जास्त वापरली जाणारी 'डिस्कर्न' ही ऑक्सफर्डमध्ये तयार झाली आणि १९९९ साली प्रसिद्ध झाली. सोळा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. उद्देश स्पष्ट आहे का, आधार कोणता, उपचाराचे फायदे-तोटे सांगितले का, उपचार न केल्यास काय होईल ते सांगितलं का, वगैरे. प्रश्न नेमके आहेत, पण ते छापील पत्रकांसाठी लिहिलेले आहेत. दुसरी 'जामा'ची १९९७ची चार कलमं : लेखक कोण, आधार कोणता, हितसंबंध उघड केलेत का, तारीख दिली आहे का. यूट्यूबवर यातलं तारखेचं कलम फुकटात पदरात पडतं, कारण व्हिडिओ चढवल्याची तारीख खाली आपोआप येते. ज्ञान वीस वर्षांपूर्वीचं असलं आणि व्हिडिओ परवाचा असला, तरी गुण पूर्ण. तिसरी, एक ते पाच गुणांची 'ग्लोबल क्वालिटी स्कोअर', म्हणजे एकूण कसं वाटलं ते सांगा.

डॉक्टरांनी बसवलेल्या परीक्षेत डॉक्टर पहिले आले, याचं मला फारसं नवल वाटत नाही. परीक्षकाला जे पूर्ण वाटतं ते त्याच्या व्यवसायबंधूने सांगितलेलं असतं. लांबीचंही तसंच. सोळा प्रश्नांची उत्तरं द्यायला वीस मिनिटं लागतात, म्हणून वीस मिनिटांच्या व्हिडिओला गुण जास्त. 'एका डोळ्यासमोर अचानक काळा पडदा आल्यासारखं झालं तर आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा' एवढंच सांगणारी तीस सेकंदांची रील या परीक्षेत सपशेल नापास होईल. माझ्या मते मात्र डोळ्यांविषयी कोणी केलेल्या उत्तम व्हिडिओंत ती मोडेल.

कारण डोळ्याच्या प्रत्येक आजाराचं स्वतःचं घड्याळ असतं.

माझ्या मिरजेच्या मावशीचीच गोष्ट सांगतो. चष्म्याचा नंबर काढायला गेली असताना डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब बघितला, शिरेकडे बघितलं, आणि काचबिंदूची सुरुवात असावी, पुढच्या तपासण्या करून घ्या, असं सांगितलं. मावशीच्या कानात त्यातला 'बिंदू' तेवढा राहिला. घरी येऊन तिने मोतीबिंदूवरचा एक व्हिडिओ पाहिला. व्हिडिओ उत्तम होता, मी नंतर तो दोनदा पाहिला. नेत्रतज्ज्ञ शांतपणे सांगत होते, की मोतीबिंदूत घाबरण्यासारखं काही नाही, रोजच्या कामात अडचण येऊ लागली की सोयीने शस्त्रक्रिया करून घ्या, दोन-चार महिने इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. शब्दन्‌शब्द बरोबर. कुठल्याही पट्टीवर ऐंशीतले सत्तर गुण. मावशीने तो मनावर घेतला आणि आठ महिने सोयीची वाट पाहिली.

मराठीने या दोन आजारांना जुळ्या भावांसारखी नावं दिली आहेत आणि त्यांचे स्वभाव मात्र अगदी उलट. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढुळतं. ते काढून नवं बसवलं की गेलेली दृष्टी बहुधा परत येते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूमुळे आढळलं. म्हणजे यातले बहुसंख्य लोक पुन्हा बघू शकतील असे आहेत. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी शीर झिजत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं नीट दिसत राहतं, कडेकडेचं गळत जातं. जे गेलं ते कुठल्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. थेंबांनी, लेझरने किंवा शस्त्रक्रियेने दाब उतरवून उरलेलं राखायचं एवढंच हाती असतं. आणि थेंब बंद केले तरी रुग्णाला काही फरक जाणवत नाही. म्हणूनच 'अमुक रस प्या आणि थेंब सोडा' असं सांगणारा व्हिडिओ काचबिंदूच्या बाबतीत इतका घातक ठरतो. रुग्ण थेंब सोडतो, महिनाभर सगळं ठीक दिसतं, आणि तो तोच व्हिडिओ पुढे दहा जणांना पाठवतो.

काचबिंदूचा दुसरा एक प्रकार एकाएकी झडप घालतो. डोळा लाल, डोकं फुटायची वेळ, उलट्या, दिव्यांभोवती रंगीत वलयं. आपल्याकडे उलटी आणि डोकेदुखी म्हटलं की घरात 'पित्त झालंय' असा निकाल लागतो. रात्री अकरा वाजता 'डोकेदुखी उलटी उपाय' असं शोधलं तर मोबाइलवर पित्ताचे आणि अर्धशिशीचे उपाय येणार. प्रत्येक उपाय आपापल्या जागी निरुपद्रवी असेल. पण या दुखण्याचं घड्याळ तासांवर चालतं.

पडद्याचंही तेच. डोळ्यासमोर माशी उडते, जाळं तरंगतं, ही तक्रार बहुतेकांच्या बाबतीत वयाचा भाग असते, आणि 'घाबरू नका' म्हणणारा व्हिडिओ शंभरातल्या बहुतेकांना बरोबरच सांगत असतो. पण ठिपक्यांचा एकदम पाऊस पडला, कोपऱ्यात विजा चमकू लागल्या, तर पडद्याला भोक पडलेलं असू शकतं. त्या दिवशी लेझरने काम भागतं, चार दिवसांनी मोठी शस्त्रक्रिया. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तर गोष्टच वेगळी. अशा बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायला हवा, फारच लवकर जन्मलेल्याचा त्याहून आधी. त्या बाळाच्या आईने 'बाळाची नजर कधी स्थिरावते' हा गोड व्हिडिओ बघितला आणि 'तीन महिने थांबा' असं ऐकलं, तर व्हिडिओ चुकला असं कसं म्हणणार?

मधुमेहाचं घड्याळ वर्षाचं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. दुसऱ्या एका देशव्यापी अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेह्यांपैकी साडेबारा टक्क्यांच्या पडद्यावर त्याची खूण दिसली आणि चार टक्क्यांची दृष्टी धोक्यात होती. यातल्या अनेकांना चष्म्याच्या तक्त्यावरची शेवटची ओळ अजून वाचता येते. त्यांना वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा दाखवायला पाठवणं, यापलीकडे मधुमेह आणि डोळ्यांवरच्या व्हिडिओचं दुसरं काम नाही. 'साखरेवर ताबा ठेवा, हिरव्या भाज्या खा' असं दहा मिनिटं सांगून तेवढंच वाक्य विसरणारे व्हिडिओ पैशाला पासरी आहेत.

गुणांच्या पट्ट्यांना हे घड्याळ वाचता येत नाही. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१३ साली काढलेली 'पेमॅट' ही पट्टी त्यातल्या त्यात जवळ येते, कारण ती दोनच गोष्टी विचारते : समजलं का, आणि बघणाऱ्याने पुढे काय करायचं ते सांगितलं का. पण 'केव्हा करायचं' हे तीही विचारत नाही.

आता चुकीच्या उपायांकडे वळू. यांतले बरेचसे व्हिडिओच्या कितीतरी आधीचे आहेत. न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्स या डॉक्टरने १९२० साली पुस्तक लिहून सांगितलं, की जवळ-लांबचं बघताना डोळ्यातल्या भिंगाचं काही काम नसतं, बाहेरचे स्नायू डोळ्याचा आकार बदलतात, म्हणून व्यायामाने चष्मा जातो. तळहातांनी डोळे झाका, उन्हाकडे बघा, मान हलवत बघा. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९२९ मध्ये या जाहिरातबाजीविरुद्ध तक्रार दाखल केली. तरी १९४२ मध्ये आल्डस हक्सलीसारखा लेखक या पद्धतीचं गुणगान करणारं पुस्तक लिहून गेला, आणि आपल्याकडे पुदुच्चेरीला डॉ. आर. एस. अग्रवाल यांनी याच पायावर शाळा काढली. आजच्या 'सात दिवसांत चष्मा घालवा' व्हिडिओंमध्ये बेट्सचं नाव नसतं, पण हातवारे त्याचेच असतात. बेट्सला खोडून काढायला प्रयोगशाळाही लागत नाही. मोतीबिंदू काढून साधं कृत्रिम भिंग बसवलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा. स्नायू तसेच शाबूत आहेत, तरी लांबचं स्पष्ट दिसणारे आजोबा पेपर वाचायला चष्मा शोधतात.

मग 'माझा चष्मा सुटला' असं कॅमेऱ्यासमोर शपथेवर सांगणारी माणसं खोटं बोलतात का? सगळी नाही. साठीच्या आसपास भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की डोळ्याला उणे नंबर येतो आणि वाचायचा चष्मा आपोआप सुटतो. माणूस हरखून जातो, गावभर सांगतो. प्रत्यक्षात ती मोतीबिंदूची पहिली पायरी असते. त्याच सुमारास तो त्रिफळ्याचं पाणी डोळ्याला लावत असेल तर श्रेय त्रिफळ्याला. अनुभवाच्या व्हिडिओंचा हा पेच आहे. अनुभव खरा, कारण चुकीचं. आणि प्रेक्षक कारणासाठी बघत नाही, अनुभवासाठी बघतो.

एरंडेलाचंही असंच. डोळ्यात किंवा पापणीला एरंडेल लावलं की मोतीबिंदू विरघळतो, हा दावा टिकटॉकवर इतका पसरला, की अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेला खुलासा करावा लागला. याला अर्धसत्याचा टेकू आहे. कोरड्या डोळ्यांवरच्या एका औषधात मूळ द्रव्य एरंडेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांत मिसळलेलं असतं. ते निर्जंतुक, मोजून-मापून बनवलेलं आणि कोरडेपणासाठी असतं. किराणा दुकानातली बाटली आणि मोतीबिंदू यांच्याशी त्याचं नातं नाही. मोतीबिंदू विरघळवण्याच्या स्वप्नाला २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकानेही खतपाणी घातलं. लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने कुत्र्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू निवळल्याचा शोधनिबंध तिथे आला. त्याच वर्षी भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी माणसांच्या डोळ्यांतून काढलेले मोतीबिंदूचे गाभे त्या द्रव्यात ठेवून पाहिले. ते निवळले नाहीत. पहिल्या बातमीवर व्हिडिओ निघाले. दुसऱ्या बातमीवर कोण व्हिडिओ काढणार? 'काहीही झालं नाही' याला लघुचित्र कसलं लावायचं?

शिळं ज्ञान हा वेगळा धडा आहे. 'मोतीबिंदू पिकू द्या' हे वाक्य एके काळी डॉक्टरच सांगत. भिंगाचा गाभा अख्खा बाहेर काढण्याच्या पद्धतीत ते पिकलेलं असणं सोयीचं होतं. आता ध्वनिलहरींनी फोडून ते बारीक छेदातून शोषून घेतात. जास्त पिकलं तर ते दगडासारखं होतं आणि शस्त्रक्रिया अवघड होते. फार ताणलं तर त्याच भिंगाने डोळ्याचा दाब चढतो. पण आजीच्या तोंडचं वाक्य नातवाच्या चॅनेलवर नव्या तारखेने पुन्हा जिवंत होतं.

लाल डोळ्यावर मात्र मला एकही व्हिडिओ नको आहे, असं म्हणावंसं वाटतं. ऊसतोडीत पातं डोळ्याला लागतं, मळणीत तूस जातं, आणि दोन दिवसांनी डोळा लाल होतो. तिथे बुरशीची जखम असू शकते. व्हिडिओत दिसलेली बाटली दाखवून दुकानातून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असलं, तर पहिल्या दिवशी लाली उतरते आणि आतून जखम खोल जाते. शेवटी डोळ्यात फूल पडतं. २०२३च्या जुलैत आळंदीपासून डोळ्यांची साथ पसरली तेव्हा घराघरांत हेच थेंब नावानिशी फिरत होते. साथ विषाणूची होती, स्वच्छता आणि सबुरी याखेरीज बहुतेकांना काही लागत नव्हतं. (ही साथ जुनी आहे. १९७१ मध्ये ती बांगलादेशच्या युद्धाबरोबर आली म्हणून बंगालमध्ये तिला 'जय बांगला' म्हणत. त्याआधी १९६९ मध्ये घानात ती चांद्रमोहिमेच्या सुमाराला उद्भवली म्हणून तिला अपोलोचं नाव मिळालं. लोक रोगाला नावं फार मजेदार ठेवतात, उपायही तितक्याच उत्साहाने काढतात.)

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग डॉक्टरांचेच व्हिडिओ बघावेत. काही अंशी खरं आहे. पण डॉक्टरच्या व्हिडिओत खोटं क्वचित असतं, निवड मात्र नेहमी असते. चष्मा घालवण्याच्या लेझरवर, महागड्या भिंगांवर, लेझरने मोतीबिंदू काढण्यावर व्हिडिओ उदंड. काचबिंदूचे थेंब रोज कसे घालावेत, यावर मोजके. कशात पैसा आहे ते विषयांच्या यादीवरूनच कळतं. चष्म्याच्या दुकानांचे निळ्या प्रकाशावरचे व्हिडिओ याच माळेतले. २०२३च्या कॉक्रेन आढाव्यात सतरा चाचण्या तपासल्या गेल्या, आणि अशा काचांनी डोळ्यांचा ताण निदान थोड्या काळात तरी कमी होत असल्याचं दिसलं नाही. डॉक्टरांच्या व्हिडिओंवर नियम आणण्याचा प्रयत्न त्याच वर्षी झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्टच्या सुरुवातीला नवी आचारसंहिता काढली : रुग्णांची प्रशस्तिपत्रं टाकू नका, शस्त्रक्रियेचे व्हिडिओ टाकू नका, लाइक्स विकत घेऊ नका. तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ती संपूर्ण संहिताच स्थगित झाली. वाद मुख्यतः जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून होता, व्हिडिओ त्यात सोबत वाहून गेले. लागू राहिली ती २००२ची संहिता, यूट्यूबच्या जन्माआधीची.

जुन्या कायद्यांना कमी लेखू नये मात्र. १९५४चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा काढून पाहा. ज्या रोगांवर उपायाची जाहिरात करायला बंदी आहे त्यांच्या यादीत अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू आणि खुपरी चारही आहेत. आणि जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. ज्याने 'धूर' लिहिला त्याच्या डोळ्यापुढे काय होतं कोण जाणे, पण प्रकाश आणि ध्वनीत आजची रील आपोआप बसते. कायदा आहे, वापरणारा हवा. केंद्राच्या ग्राहक विभागानेही ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यावर बोलणाऱ्यांनी आपली पात्रता सांगावी, ती नसेल तर तसं सांगावं, असं बजावलं. बजावण्याचा परिणाम रील बघताना फारसा जाणवत नाही.

यूट्यूबने केलेलं थोडक्यात सांगतो. मान्यताप्राप्त आरोग्यसंस्थेच्या व्हिडिओखाली तशी पट्टी येते. ती संस्थेविषयी बोलते, त्या व्हिडिओतल्या मजकुराची हमी देत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा लपवला गेला, म्हणजे आधीच्या हजार जणांना काय वाटलं हे बघायची साधी सोयही गेली.

आणि मराठी? बहुतेक अभ्यासांत इंग्रजीखेरीजचे व्हिडिओ पहिल्याच चाळणीत बाद होतात. संशोधक आजाराचं नाव टाकून शोधतात. रुग्णाला आजाराचं नाव कुठे ठाऊक असतं? तो 'डोळ्यासमोर माशी', 'डोळ्यातून पाणी गळते', 'रांजणवाडी', 'रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्याने दिपतं' असं शोधतो, तेही बरेचदा बोलून, कारण मुळात दिसत नसतं. त्याला जे सापडतं ते कुठल्याच गुणपत्रिकेवर आलेलं नाही. मराठीत चांगले व्हिडिओ करणारे नेत्रतज्ज्ञ आहेत, सरकारी रुग्णालयांतलेही आहेत. पण त्यांच्या व्हिडिओला 'डायबेटिक रेटिनोपॅथी : एक चर्चा' असं नाव असतं, आणि शेजारच्या व्हिडिओला 'हे एक पान, डोळ्यांची सगळी दुखणी गायब'. कोणतं दार आधी उघडेल ते सांगायला नको.

मी स्वतः आता व्हिडिओ बघताना गुणबिण देत नाही. हा व्हिडिओ मला कुठे पाठवतो आहे आणि किती लवकर, एवढंच बघतो. तपासणीकडे पाठवत असेल तर थोड्याफार चुका माफ. घरी बसवत असेल तर तो बरोबर असला तरी मला भीती वाटते. यावर एका डॉक्टर मित्राने हरकत घेतली, की अशाने साध्या रांजणवाडीलाही लोक दवाखान्यात गर्दी करतील. करोत. गरम पाण्याचा शेक घ्या आणि आठवड्यात उतरली नाही तर या, असं सांगायला कितीसा वेळ लागतो?

मावशीला शेवटी मीच घेऊन गेलो. कडेच्या नजरेची चाचणी झाली. डाव्या डोळ्याचा वरचा एक तुकडा गेलेला निघाला. तिला तो गेल्याचं कळलंच नव्हतं. मग पडदा बघण्यासाठी थेंब घातले आणि आम्हाला बाहेर बसवलं. तिथे ओळीने पंधरा-वीस माणसं मान मागे टाकून, डोळे मिटून बसलेली. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर नव्या भिंगांचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालू.

"अरे, हे कोण बोलतंय?" मावशीने डोळे न उघडता विचारलं.

"जाहिरात आहे गं, भिंगांची."

"हो का? आवाजावरून तर डॉक्टरच वाटतो."